रीलवरची मराठी आणि रकान्यातली मराठी
(दुर्गदबैल येथील मासिक सभेत केलेले भाषण)



मला विषय दिलाय 'आपली तरुण पिढी आणि मराठी'. या विषयावरचं नेहमीचं भाषण तुम्हां-आम्हां सगळ्यांना पाठ आहे, तेव्हा ते राहू द्या. मी 'गुलाबी साडी'च्या नाचाबद्दल बोलणार आहे. हसा, पण ऐका.

फेब्रुवारी 2024 मध्ये हे गाणं आलं. गाणारा संजू राठोड, जळगाव जिल्ह्यातला, बंजारा समाजातला तरुण. चित्रपटातलं गाणं नाही, कुणा बड्या गायकाचं नाव नाही. पण दोन-तीन महिन्यांत ते देशभर पसरलं. मराठीचं अक्षर न कळणाऱ्या बायकांनी गुलाबी साड्या नेसून त्यावर हात हलवले. आपल्याकडेही कन्नड घरांतल्या मुली त्यावर नाचल्या. आपल्या मुलींनी तर नाचायचंच होतं.

आता योगायोग बघा. त्याच महिन्यात, 15 फेब्रुवारीला, कर्नाटक विधानसभेने दुकानांच्या फलकांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं विधेयक मंजूर केलं. मला त्यावर भांडायचं नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या इथले, कन्नड आपल्याही तोंडातली भाषा आहे. पण तेव्हा आपल्यातले काही जण छाती फुगवून म्हणाले, फलक काय घेऊन बसलात, मराठी आता मोबाइलवरून घराघरात गेली! या बोलण्याचा मला हिशेब मांडायचा आहे. बँकेत बसून दुसरं काय शिकणार?

असा नाच चढतो कसा? गाण्यातले पंधरा-वीस सेकंद घ्यायचे. पायरी अशी हवी की कुणालाही एका दुपारी जमेल. साडी घरात असतेच. एकीने रील टाकली की ती बघून चौघी टाकतात, त्या चौघींची बघून सोळा. प्रत्येक नक्कल म्हणजे फुकटची जाहिरात. हे सरळ चक्रवाढ व्याज आहे. पण ठेवीवरचं व्याज मुदतीपर्यंत वाढत राहतं, इथे मुद्दलच माणसं आहेत आणि माणसं संपतात. ज्यांना नाचायचं ते सगळे नाचून झाले की नवीन कुणी उरत नाही. मग दुकानदार जाहिरातीत तोच नाच घालतात, लग्नात मामा-मामी करतात, आणि मामीने केला की भाचीने सोडलाच म्हणून समजा. गाण्याचा त्यात दोष नसतो. त्याच सुमाराला आपल्याकडे 1999 च्या 'उपेंद्र' चित्रपटातलं 'करिमणी मालिक' हे जुनं कन्नड गाणं रीलवर उसळलं, चार दिवस सगळ्यांच्या तोंडी होतं आणि ओसरलं. संजू राठोडने स्वतःच 2025 मध्ये 'शेकी' आणलं, पोरं तिकडे वळली.

जागासुद्धा आपल्या मालकीची नसते. टिकटॉकवर नाचून गावोगावची पोरं नावारूपाला आली होती. 29 जून 2020 रोजी केंद्र सरकारने एका आदेशाने ते बंद केलं. पासबुक होतं, शाखाच उठली.

'झिंगाट' थोडं वेगळं. 2016 च्या 'सैराट'मधलं हे गाणं अजून मिरवणुकीत वाजतं, कारण ते मोबाइलमधून निघून बँडवाल्यांच्या हातात गेलं. 2017 मध्ये 'सैराट'चा कन्नड अवतार 'मनसु मल्लिगे' आला, त्यातही रिंकू राजगुरूच होती. पण त्या सिनेमाचा शेवट आठवून किती जण नाचतात, हा प्रश्न मी आपल्या घरांपुरता विचारतो आणि पुढे जातो.

आता आकडे. 'गुलाबी साडी' दहा कोटींच्या वर वेळा पाहिलं गेलं. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या देशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे 8 कोटी 30 लाख होते, कर्नाटकात सुमारे 20 लाख. म्हणजे गाण्याचा आकडा मराठी माणसांपेक्षा मोठा! पण तो आकडा घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलात तर ते चहा पाजून परत पाठवतील. तिथे चालतो तो रकान्यातला आकडा.

ज्येष्ठांना सांगायला नको, 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने 350-अ हे कलम आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. आपल्या प्रत्येक निवेदनात हे कलम असतं. पण सोय कुणासाठी मागायची, ते ठरतं जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यावरून. आणि जनगणनेची मातृभाषेची व्याख्या आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली असेल. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली, ती मातृभाषा. आजोबांची नव्हे, आडनावाची नव्हे, कुलदैवताची तर नव्हेच. घरात सूनबाई लेकराशी कन्नड किंवा इंग्रजी बोलत असतील, तर प्रगणक दारात आल्यावर 'मराठी' सांगताना जीभ अडखळली पाहिजे. आणि नुसती सूनबाईंकडे बोटं दाखवू नका. मुलगा काय बोलतो, तेही बघा.

आपल्या मुली मराठी गाण्यावर नाचल्या याचा मला आनंदच आहे. ज्यांनी नाकं मुरडली त्यांच्यात मी नाही. त्यांना मराठीची लाज वाटत नाही, एवढं त्यातून नक्की कळलं. पण ज्या मुलीला ते गाणं तोंडपाठ होतं, तिच्यापुढे आपलंच हे वार्तापत्र ठेवून बघा. वाचता आलं तर मला कळवा, मी पेढे आणतो.

निवेदन द्यायचं तर आधी आपल्याकडे आपली यादी हवी. मराठा गल्लीपासून सुरुवात करू. प्रत्येक घरात चौदा वर्षांखालची मुलं किती, त्यांच्याशी घरात कोणती भाषा बोलली जाते, मराठी वाचता येतं का, एवढेच तीन प्रश्न. खोटं लिहायचं नाही, 'नाही' असेल तर 'नाही'च लिहायचं. तक्ता मी तयार केलाय, प्रती टेबलावर आहेत. दाराशी उभ्या असलेल्या तरुणांपैकी सहा जण हवे आहेत, रविवारी सकाळी दोन तास. सभा संपल्यावर नावं माझ्याकडे द्या.