कंपनी सरकार आणि दिवाणीचा कागद
(जीर्णोद्धार समारंभातील भाषण)



मी तालुका कचेरीतला कारकून. सातबारा, फेरफार आणि वसुली यांतच माझा दिवस जातो. तेव्हा आज एका महसुली कागदाचीच हकिकत सांगतो.

इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी १६०० साली निघाली. तिचे लोक सुरतेस प्रथम आले ते व्यापाराची परवानगी मागत. १६१५ साली सर टॉमस रो हा इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगीर बादशहाकडे अर्ज घेऊन आला. इंग्लंडच्या मालाला इकडे फारसे गिऱ्हाईक नव्हते. आपले सुती, रेशमी कापड मात्र त्यांना हवे होते. म्हणून कंपनीला जहाजांतून चांदी आणून रोख मोल द्यावे लागे.

औरंगजेब १७०७ साली वारला आणि मोगल सत्ता खिळखिळी झाली. १७५७ साली प्लासी व १७६४ साली बक्सार येथे कंपनी जिंकली. मग १२ ऑगस्ट १७६५ रोजी शाह आलम बादशहाने बंगाल, बिहार व ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, कंपनीस दिला. बदल्यात बादशहाला वर्षाला २६ लाख रुपये ठरले.

मंडळी, येथे सगळा व्यवहार फिरला. विणकराच्या हाती पडणारा पैसा आता त्याच मुलखातल्या रयतेच्या साऱ्यातून येऊ लागला. माल आपला, पैसाही आपला आणि नफा लंडनला! शिवाय बंदोबस्ताची जबाबदारी नवाबाच्या नावावर राहिली. वसुली कंपनीची, पण रयतेचे गाऱ्हाणे ऐकायला कोणी नाही.

पुढे १७७० साली बंगालात भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली विलायतेस लिहिले की, निदान तिसरा हिस्सा लोक मेले, तरी १७७१ ची वसुली १७६८ पेक्षाही जास्त भरली. आपल्याकडे पीक बुडाले तर आणेवारी पाहून वसुली तहकूब करतात, हे आपण जाणता. त्या रयतेचा सारा गोळा करणारे मात्र हिशेब देत होते तो लंडनच्या भागीदारांना.

वसूल करणाऱ्याने हिशेब कोणाला द्यायचा, हा प्रश्न केवळ कचेरीचा नाही. या जीर्णोद्धाराचा जमाखर्चही प्रत्येकाने डोळ्यांखालून घालावा, पाच रुपये देणाऱ्यानेसुद्धा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.