मापाची पहिली खरेदी

लोखंडकामाची हौस धरणारा नवशिका हत्यारांच्या दुकानात शिरला, की त्याची दृष्टी प्रथम व्हर्नियर कॅलिपरवर खिळते. ०.०२ मिलिमीटरचा फरक दाखविणारे ते उपकरण मोहक खरे. परंतु मुळात आखणीच वाकडी असेल, तर ते झालेली चूक तेवढी अचूक सांगेल!

म्हणून पहिला मान पोलादी पट्टी, गुण्या, रेघ ओढण्याची टोकदार सळई, कंपास आणि सेंटर पंच यांचा. पट्टीवरील रेघा कोरलेल्या असाव्यात. छापलेल्या लवकर झिजतात. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. तेव्हा जुन्या बाजारातील पट्टी केवळ इंचांची नाही ना, हेही पाहावे.

गुण्या मात्र पारखल्याविना घेऊ नये. पत्र्याच्या सरळ कडेला त्याचा दांडा टेकवून रेघ ओढावी. मग गुण्या उलटवून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी. दोन्ही एकरूप झाल्या, तर गुण्या खरा. फाकल्या, तर दिसणारे अंतर मूळ दोषाच्या दुप्पट असते.

ही परीक्षा दोन मिनिटांची, पण तिच्यावर पुढचे सारे काम उभे असते. कारण कानशीने एकदा अधिक घासले गेलेले लोखंड पुन्हा भरून येत नाही. हात बसला, म्हणजे व्हर्नियर खुशाल घ्यावा.