दुखण्याचे शब्द
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



या शाळेत शिकून मी डॉक्टर झाले आणि विवाहानंतर गाझियाबादेत व्यवसाय करू लागले. तेथे रुग्णांची भाषा हिंदी आणि केसपेपरची इंग्रजी. या दोहोंमध्ये मराठी माणसाचे दुखणे कसे हरवते, त्याविषयी आज बोलणार आहे.

मुलाकडे राहावयास आलेल्या एका आजींनी तरुण डॉक्टरांना सांगितले, "पैरों में गोले आते हैं, हाथ में चींटियाँ आती हैं." पायांत गोळे येतात, हातांना मुंग्या येतात, असे त्यांना म्हणायचे होते. कागदावर नोंद झाली ती पायांतील गाठी आणि मनाचे भास अशी. गंमत म्हणजे वैद्यकाच्या इंग्रजी ग्रंथांतील 'फॉर्मिकेशन' ही संज्ञाही लॅटिनमधील मुंगीवरूनच घडली आहे! पुढे रक्त तपासले, तेव्हा मधुमेह निघाला. दीर्घकाळ वाढलेली साखर मज्जातंतूंना इजा करते. मुंग्या त्याच्याच होत्या. दरम्यान आजींचे चार महिने गेले आणि घरात त्या थट्टेचा विषय झाल्या.

आपल्याकडे गळू ठणकते, मूतखड्याची कळ येते, पाठीत उसण भरते, पित्ताने जळजळते. डॉक्टरांना हाच भेद हवा असतो. हिंदीतही टीस, मरोड़ असे नेमके शब्द आहेत; ते आपल्याला ठाऊक नसतात, म्हणून आपण 'दर्द है' एवढ्यावर थांबतो.

काही शब्द मात्र तिन्ही भाषांत फसवे आहेत. हिंदीतील 'दौरा' आणि आपला 'झटका' हृदयविकारालाही चालतो, फेफऱ्यालाही. फेफरे आलेल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये; कांदा आणि चप्पल तर नकोच. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटणे. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो, त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. कार्डिअॅक अरेस्ट म्हणजे हृदयाचे कार्यच थांबणे. माणूस कोसळतो, श्वास थांबतो. तेथे रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत छातीवर दाब देत राहावे. तेव्हा दूरध्वनीवर 'झटका आला' असे न म्हणता जे डोळ्यांना दिसले ते सांगावे.

'अॅक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेला व अल्पकाळाचा, 'क्रॉनिक' म्हणजे दीर्घकाळ टिकणारा. आजार किती गंभीर आहे, हे या दोन्ही शब्दांतून कळत नाही. अॅक्यूटसाठी आपण 'तीव्र' हा प्रतिशब्द योजला आणि घोटाळा वाढवला, असे माझे मत आहे. 'स्टेबल' म्हणजे प्रकृती तूर्त ढासळत नाही एवढेच. बरे वाटू लागले, असा त्याचा अर्थ नव्हे.

दोष केवळ रुग्णांचा नाही. एका मातेला मी घाईत म्हणाले, "रिपोर्ट निगेटिव है." ती रडू लागली. मुलाला क्षय नाही, ही आनंदाची वार्ता मी दिली होती. तिने नेमके उलट ऐकले. तिला खुर्चीवर बसवून मी पुन्हा सांगितले, "टीबी नहीं है." तेव्हापासून तपासणीचा निष्कर्ष मी अशाच पूर्ण वाक्यात सांगते.

आजींना मी आता मराठीतच विचारते, "मुंग्या कुठवर येतात?" त्या बोटाने मनगट दाखवतात. पूर्वी कोपर दाखवीत असत.