साठ दिवसांचे मोल
(वार्षिक मेळाव्यात पालघर जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने केलेले भाषण)



सकाळपासून बऱ्याच जणांनी मला विचारले, "बाळ, तू वकील होणार का?" नाही. मी कम्युनिटी कॉलेजात पॅरालीगलचे, म्हणजे विधी सहायकाचे शिक्षण घेते आहे. मला काळा कोट घालून कोर्टात उभे राहता येणार नाही. पण आलेला कागद वाचणे, अर्ज लिहिणे, त्याची पोच घेणे, मुदत सांभाळणे ही कामे मी करू शकते. आमच्या पाड्यांवर माणूस इथेच अडतो.

वनहक्काचेच पाहा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला, ताब्यात असेल तेवढी, पण जास्तीत जास्त ४ हेक्टर जमीन २००६ च्या कायद्याने मिळते. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो. पण दावा नामंजूर झाला तर अपिलाला मुदत असते फक्त ६० दिवसांची.

आमच्या शेजारच्या पाड्यावरील एका विधवा आजींना असेच पत्र आले. वाचता येत नाही म्हणून त्यांनी ते पेटीत जपून ठेवले. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा ४१ दिवस उलटले होते. पत्रात कारण होते, "पुरावा अपुरा". आजी म्हणाल्या, "बाय, माझ्याकडं कागद कुठला?" पण नियम १३ प्रमाणे कागदच लागतो असे नाही. शेतातले जुने बांध, विहीर, घर हाही पुरावा असतो. गावातल्या वृद्धांचा लेखी जबाबही चालतो. आम्ही बांधांचे फोटो काढले, दोन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घेतले आणि ५६ व्या दिवशी जिल्हास्तरीय समितीकडे अपील देऊन पोच घेतली. निकाल अजून लागायचा आहे. पण दार बंद झाले नाही.

पुढे वकील लागलाच तर तोही मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी, हा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करायचा. एवढी साधी माहिती पाड्यावर पोहोचत नाही, म्हणून माणसे एजंटाला पैसे देतात.

शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली. कुठे जायचे हे तिला ठाऊक होते. आमच्या आजींना तेही ठाऊक नव्हते. त्यांना सोबत जाणारे, त्यांच्याच बोलीत समजावणारे कोणीतरी हवे होते.

दहावी-बारावी झालेली पाड्यावरची मुलगी हे काम शिकू शकते. तिला अडवतात ते एसटीचे भाडे, वसतिगृहाचा खर्च आणि "मुलीला कायदा कशाला?" हा घरातला प्रश्न. पहिल्या दोन गोष्टींसाठी तुमचे दान उपयोगी पडते. माझ्याही पडले, त्याबद्दल मनापासून आभार. तिसऱ्यासाठी एक विनंती आहे. गावभेटीला याल तेव्हा आमच्या आईवडिलांशी दोन शब्द बोला. ते तुमचे ऐकतात.

आणि आमच्यासाठी प्रार्थना करा. सलाम.