आईची उंची



आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर लोणच्याची बरणी असे. आई ती वर्षानुवर्षे सहज हात वर करून काढी. एके दिवशी ती म्हणाली, "अरे, फळी वर गेली, की मीच खाली आले?" आम्ही हसलो. पुढे एकदा म्हणाली, "लुगड्याचा घोळ हल्ली जमिनीला लागतो रे." मी एम. ए. झालेला प्राध्यापक, पण "वयच झालंय, चालायचंच," एवढेच शहाणपण मला सुचले. काही महिन्यांनी अंगणात साधा पाय घसरला आणि तिचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हा कळले, फळी जागच्या जागीच होती. आईचे मणके ठिसूळ होऊन दबले होते.

असे का होते? साधारण ४५ ते ५५ या वयात बाईची पाळी थांबते. हाडांना जपणारे इस्ट्रोजेन नावाचे द्रव्य शरीरात कमी होते आणि पुढची काही वर्षे हाडे झपाट्याने झिजतात. ही झीज दुखत नाही. म्हणून कमी झालेली उंची, वाकत चाललेली पाठ, या खुणा बाईनेच आधी टिपलेल्या असतात.

चाळिशीत सुईत दोरा ओवेनासा होतो, तर आपण चष्म्यालाच 'चाळिशी' म्हणून मोकळे झालो. पाळीबद्दल मात्र अजून कुजबुज! ती कुजबुज महागात पडते. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले, नुसता डाग जरी पडला, तरी डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. दर वेळी ते गंभीर नसते. पण ती गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण असू शकते, आणि तो वेळीच कळला तर बहुधा बरा होतो.

नाचणी, तीळ, दूध पोटात जावे, अंगावर ऊन पडावे, रोज चालणे व्हावे. उंची घटलीशी वाटली, तर हाडांची तपासणी करून घ्यावी. शिक्षकांनी पालकसभेत हे जरूर सांगावे.

बरणी आता खालच्या फळीवर आहे. आई काठी टेकत चालते. ती आपल्या अंगाविषयी काही सांगू लागली, की मी हातातले वर्तमानपत्र बाजूला ठेवतो. आपल्या घरची माउली बोलेल तेव्हा आपणही ठेवा.