मांडवातील बैठक
(विचुंबे येथील मासिक स्नेहसंध्येत केलेले भाषण)



आपल्या गावच्या मांडवात दर महिन्यास जी संध्याकाळची बैठक भरते, तिजविषयी चार शब्द बोलावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, म्हणून आम्ही उभे आहोत. बैठकीचा क्रम आपणांस परिचित आहेच. प्रथम तासभर भजन, अथवा आपल्या धवलारणींचे धवले, मग चहा, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास पैशाचा विचार. ठेव कोठे ठेवावी, विमा कशास म्हणतात, शेअर आणि म्युच्युअल फंड यांत जोखीम किती, जमिनीचे पैसे हाती आले तर त्यांचे काय करावे, असे विषय निघतात. बाहेरगावचे पाहुणे हा क्रम ऐकून हसतात. पखवाजाशेजारी पासबुक कशाला, असे एका सद्गृहस्थांनी आम्हांस तोंडावर विचारले. प्रश्न वावगा नाही, म्हणून त्याचे उत्तर देणे प्राप्त आहे.

ज्यांचे अभंग आपण तासभर गातो, त्या तुकोबांचे घराणे देहूचे महाजन होते. घरात दुकानदारी होती, सावकारीही होती. विरक्ती आल्यावर तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा आपण कीर्तनातून लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तिच्यातील एक गोष्ट बरेच कीर्तनकार भरभर उरकून पुढे जातात. खते बुडविण्यापूर्वी तुकोबांनी धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा वेगळा काढून त्यांच्या हवाली केला, आणि मग केवळ स्वतःच्या वाट्याची खते नदीस अर्पण केली. ज्यास पैशाची आसक्ती उरली नव्हती, त्यानेही दुसऱ्याचा हिशेब आधी चुकता केला. तेव्हा भजनानंतर हिशेबाची गोष्ट निघाली तर मांडव बाटतो, असे आम्हांस वाटत नाही.

ही रीत आपण नव्याने काढली असेही नाही. लंडन शहरी जोनाथनच्या कॉफीगृहात लोक गप्पांसाठी जमत, आणि तेथेच १६९८ पासून जॉन कॅस्टेंग नावाचा गृहस्थ शेअरांचे व मालाचे भाव छापून वाटीत असे. त्या बैठकीतूनच पुढे लंडनचा शेअरबाजार उभा राहिला. मुंबईत टाऊन हॉलच्या आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय, तर बाहेर वडाच्या झाडाखाली शेअरदलालांचा मेळा. या दलालांनी १८७५ साली आपली रीतसर संस्था स्थापिली. योगायोग असा की, त्याच १८७५ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. स्वतः रानड्यांस तुकोबांचे अभंग जितके प्रिय, तितकाच देशाच्या अर्थकारणाचा विचार जिव्हाळ्याचा. एका माणसाच्या अंतःकरणात जे सुखाने नांदले, ते एका मांडवात का नांदू नये?

त्या वडाखालची दुसरी कथा मात्र सुखाची नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता आपल्याकडील कापसास अतोनात भाव आला, आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा भाग पन्नास हजारांच्या घरात गेला. युद्ध संपले, कापूस उतरला, आणि तोच भाग दोन हजारांसही कोणी घेईना. समुद्र हटवून जमीन करणे म्हणजे काय, हे खरे तर आपल्या आगरी माणसास कोणी शिकवावयास नको. बांध घालून खाजण पिकविणारे आणि आगरात मीठ पिकविणारे आपलेच पूर्वज. पण त्यांनी आधी चिखल तुडविला व मग पीक घेतले. मुंबईकरांनी चिखल पाहण्यापूर्वीच पीक वाटून घेतले होते.

आता आपल्या मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या जिल्ह्यात जमीन सहज मिळालेली नाही. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे नांगर धरला नाही. उपाशी राहिले, पण खोतापुढे वाकले नाहीत. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन आला, तेव्हा कोठे कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात उरण-पनवेलच्या पाच माणसांनी प्राण दिले, आणि त्यातूनच साडेबारा टक्क्यांची योजना आली. आपले विचुंबे सिडकोच्या त्या पहिल्या लाटेतून वाचले, परंतु २०१३ साली नैना क्षेत्रात आले. नगररचना योजनेत जमीनमालकास ४० टक्के विकसित भूखंड परत मिळावयाचा, अशी तरतूद आहे. कोणास ती मान्य आहे, कोणास नाही. तो वाद या व्यासपीठाचा नव्हे. आम्ही एवढेच म्हणतो की, ज्या जमिनीसाठी दोन पिढ्या झगडल्या, तिचे पैसे घरात एकदाच येतात. भाताचे पीक बुडाले तर पुढचा पावसाळा आहे. या पिकास पुढचा पावसाळा नाही.

आणि हे पैसे येण्याची वार्ता घरच्या माणसांआधी एजंटास लागते. तो घरी येतो, थोरल्या मुलास बाजूस घेतो, हॉटेलात जेवण देतो, आणि सही तेथेच होते. घरात आई असते, बहीण असते, वृद्ध चुलते असतात. त्यांना कागद झाल्यावर कळते. आपल्या बैठकीचे प्रयोजन हेच की, जी गोष्ट हॉटेलात कुजबुजून होते, ती चारचौघांत मोठ्याने व्हावी. नुसती गुंतवणुकीची सभा बोलाविली असती तर पाच-पंचवीस तरुण आले असते. भजन आहे म्हणून वृद्ध येतात, धवले आहेत म्हणून बायका येतात, आणि चहानंतर कोणी उठून जात नाही. एखाद्या आजीने ‘बाबा, पैसे बुडाले तर ते देणार कोण?’ असे विचारले, की मोठमोठ्या योजनांची हवा निघून जाते.

आजींच्या त्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी पाठ करावे. बँक बुडाली तर ठेव विम्यातून एका ठेवीदारास एका बँकेतील मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, पूर्वी ती एक लाखच होती. पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये रद्द केला, तेव्हा या विम्याचे मोल आपल्या तालुक्यास कळले, आणि त्याची मर्यादाही कळली. पतसंस्थेतील ठेवीस मात्र हा विमा मुळीच लागू नाही. पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द दिसला म्हणजे बँक झाली, असे समजू नये.

दुसरे, बहात्तराचे गणित. ७२ या संख्येस व्याजाच्या दराने भागावे, म्हणजे पैसे दुप्पट होण्यास लागणारी वर्षे अदमासे मिळतात. सहा टक्क्यांस बारा वर्षे, आठ टक्क्यांस नऊ वर्षे. आता उलट भागून पाहा. तीन वर्षांत दुप्पट देतो म्हणणारा इसम वर्षास चोवीस टक्के कबूल करीत आहे. त्याला विचारावे की, तू स्वतः असा कोणता धंदा करतोस? आमच्या शाळेतील चौथीच्या मुलास येणारा हा भागाकार आहे. तरीही जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या दुकानापुढे आपले पैसे मागण्यासाठी गर्दी लोटली, आणि तीत शिकलेली माणसे थोडी नव्हती.

एक विषय नाजूक आहे, पण धवलारणी समोर बसल्या असता तो टाळणे आम्हांस बरे वाटत नाही. आपल्या समाजात लग्न लावण्याचा मान पूर्वापार धवलारणीचा. मांडवात तिच्या शब्दावाचून पान हलत नसे. परंतु त्याच मांडवातून सासरी गेलेल्या मुलीचे नाव सातबाऱ्यावर शोधू गेल्यास पुष्कळदा सापडत नाही. जमिनीचे पैसे येणार अशी कुणकुण लागली की भाऊ हक्कसोडीचा कागद घेऊन तिच्या दारी जातो. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते, आणि भाऊबीजेस साडी मिळते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. बहिणीने आपण होऊन हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. पण आपण काय सोडीत आहोत, त्याची आजची किंमत काय, हे सही करण्यापूर्वी तिला कोणी तरी वाचून दाखवावे. कान्होबांचा वाटा आधी निघाला होता, एवढेच येथे स्मरण देतो.

बैठकीचे नियम तिघा-चौघांनी पुन्हा विचारले, म्हणून सांगतो. जो काही विकावयास आला आहे, त्यास येथे बोलता येणार नाही, मग तो कोणाचा जावई का असेना. कोणाजवळ किती आहे, हे कोणी विचारू नये. मांडवात कोणाचेही पैसे गोळा केले जात नाहीत आणि पावती फाडली जात नाही. चहाचा खर्च मंडळ करते. अमुक शेअर घ्या असे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही आणि तेवढी विद्याही नाही. कागद कसा वाचावा, इतकेच आम्ही सांगू शकतो.

पुढील बैठकीत भजनानंतर नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी, आणि मृत्युपत्र हा विषय घेतला आहे. नॉमिनी म्हणजे मालक, अशी समजूत गावात सार्वत्रिक आहे; ती कायद्यास धरून नाही. ज्यांच्या घरी ठेवपावत्या, विम्याचे कागद असतील, त्यांनी ते पाहून नॉमिनीचे रकान्यात कोणाचे नाव आहे एवढे मनात ठेवून यावे; कागद बरोबर आणू नयेत. पाऊस असल्यास बैठक देवळाच्या सभामंडपात भरेल. धवलारणींनी हळदीचे धवले म्हणण्याचे कबूल केले आहे, तरी ज्या मुली शिकू इच्छितात त्यांनी अर्धा तास आधी यावे.