घाटे अळीचं प्रेमप्रकरण



कोरेगावच्या शिवारात रब्बीचा हरभरा फुलावर आला की काठ्यांना टांगलेली नरसाळी दिसू लागतात, खाली प्लॅस्टिकची लांब पिशवी. हे कामगंध सापळे. झाकणाखालच्या रबराच्या गोळीला घाटे अळीच्या मादी पतंगाचा, म्हणजे तिच्या गंधाची नक्कल करणाऱ्या रसायनाचा वास असतो. मादी तिथं नसतेच. तरीही नर रात्री येतात आणि पिशवीत पडतात. शेतकरी सकाळी ते मोजतो. सलग दोन-तीन दिवस सापळ्यामागे आठ-दहा पतंग निघाले, की फवारणीचं बघायचं.

हा खेळ एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये फाब्र नावाच्या शाळामास्तरानं ओळखला होता. त्यानं पतंगाची मादी काचेच्या हंडीखाली झाकली. खोलीत आलेल्या नरांना ती समोर दिसत होती. पण ते झेपावले आधी ती बसली होती त्या डहाळीवर! पुढं 1959 साली जर्मनीत बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचा असा गंध शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्यासाठी लाखो माद्या लागल्या.

इथवर वाचताना मजा येते. मग लोकप्रिय विज्ञानाची पुस्तकं हळूच पान उलटतात आणि सांगतात, माणसाचंही असंच. पुरावा म्हणून मेंदूची चित्रं. 2005 साली अमेरिकेत हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी प्रेमात आकंठ बुडालेल्या 17 जणांना प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवून मेंदू तपासला. डोपामिनशी निगडित भाग जास्त सक्रिय दिसले. प्रयोग चांगलाच आहे. पण बक्षिसाची आशा लागली तरी हेच भाग जागे होतात. तेव्हा ‘प्रेम म्हणजे डोपामिन’ हे मथळेवाल्यांचं वाक्य मला पटत नाही. शिवाय सतरा माणसांवरून साऱ्या जगाची कुंडली मांडायची म्हणजे जरा घाईच.

शेतकरी या बाबतीत जास्त काटेकोर. हरभऱ्यातली गोळी मक्याच्या लष्करी अळीला चालत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. माणसाचा कामगंध तर अजून कुणालाच निर्विवादपणे सापडलेला नाही. त्याच्या नावानं अत्तरं मात्र खुशाल विकली जातात. ती फासून हरभऱ्याच्या रानात रात्रभर उभं राहिलात, तरी घाटे अळीचा नरसुद्धा फिरकायचा नाही.